बीवायडी सीगल : गाडी एक, नावं चार, किंमत मात्र तिप्पट

घाटरस्ता

मंडळी, इथे गाड्यांवर निघणारे धागे बहुतेक "दहा लाखांत कुठली घेऊ" या वळणाचे असतात. हा तसा नाही. ही गाडी भारतात मिळत नाही आणि लवकर मिळेल अशी चिन्हंही नाहीत. तरी बरेच दिवस मी तिच्या मागे लागलोय, कारण एकाच गाडीचे देशोदेशी इतके अवतार आणि इतके वेगवेगळे भाव मी दुसऱ्या कुठल्या गाडीचे पाहिले नाहीत.

बीवायडी ही शेन्झेनची कंपनी. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये ती काढली बॅटऱ्या बनवायला. २००३ मध्ये एक छोटी मोटार कंपनी विकत घेऊन ती गाड्यांच्या धंद्यात उतरली. एप्रिल २०२३ मध्ये शांघायच्या प्रदर्शनात तिने सीगल नावाची छोटी विजेची हॅचबॅक आणली. सुरुवातीचा भाव ७३,८०० युआन, तेव्हाच्या हिशोबाने पावणेनऊ लाख रुपये. लांबी ३७८० मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५०० मिमी, मोटर ५५ किलोवॉट, बॅटरी ३०.०८ किंवा ३८.८८ युनिटची. चारच माणसांची गाडी, पुढच्या काचेला एकच वायपर. आपल्या टियागो ईव्हीची लांबी ३७६९ मिमी आणि मोठ्या बॅटरीवाल्या टियागोची मोटर ५५ किलोवॉट. म्हणजे अंगापिंडाने आपल्याला ओळखीचीच.

आता नावं बघा. चीनमध्ये सीगल. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्राझील आणि मेक्सिकोत गेली ती डॉल्फिन मिनी होऊन. मे २०२५ मध्ये युरोपात डॉल्फिन सर्फ झाली. जुलै २०२५ मध्ये इंडोनेशियात अ‍ॅटो १, आणि पुढे ऑस्ट्रेलियातही तेच नाव.

मला खरा चटका बसला तो मे २०२५ च्या आकड्यांनी. त्या एकाच महिन्यात चीनमध्ये सीगलचा सवलतीचा भाव ५५,८०० युआनवर आला, म्हणजे साडेसहा लाखांच्या जरा वर. आणि जर्मनीत सर्फचा सुरुवातीचा छापील भाव २२,९९० युरो लागला, म्हणजे बावीस लाख. (सुरुवातीच्या काही दिवसांसाठी १९,९९० ची सवलत होती, ती सोडून देतो.) सगळेजण सांगतात, आयात शुल्क, दुसरं काय. मला हे पटत नाही. जाणकारांनी मांडणी करावी.

नाक्यावरचा

चार नावांचं काय घेऊन बसलात राव. आमच्या आळीत एकच माणूस घरी बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण, बँकेत बी. व्ही. आणि उधारी मागायला कुणी आलं की "तो इथे राहत नाही".

बाकी ती गाडी सहा लाखांत इकडे आली तर मी माझी स्कूटर विकायला तयार आहे.

पाचवा गियर

घाटरस्ता, चांगला विषय. मी चाकणला सुट्या भागांच्या धंद्यात आहे, त्यामुळे थोडं पोटात शिरून बोलतो.

आधी हे स्पष्ट करू की सर्फ आणि सीगल शंभर टक्के एक नाहीत. युरोपातली गाडी ३९९० मिमी लांब आहे, म्हणजे २१० मिमी जास्त. व्हीलबेस तोच २५००, तेव्हा ही वाढ पुढच्या-मागच्या बाजूला आहे, मुख्यतः बंपरांत. मोटरही वेगळी: खालच्या दोन प्रकारांना ६५ किलोवॉट, सगळ्यात वरच्याला ११५ किलोवॉट. ११५ म्हणजे १५६ घोडे, एवढ्याशा गाडीला जरा जास्तच. मोठी बॅटरी ४३.२ युनिटची. सुरक्षेची उपकरणं युरोपच्या नियमांनुसार. हा सगळा खर्च खरा आहे.

आता तुमचा शुल्काचा मुद्दा. युरोपीय संघाचा नेहमीचा दर १० टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर अनुदानविरोधी जादा शुल्क बसलं, त्यात बीवायडीच्या वाट्याला १७ टक्के आले. एकूण २७.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. २२,९९० मधून जर्मनीचा १९ टक्के व्हॅट काढला की उरतात साधारण १९,३०० युरो. चीनमधल्या ५५,८०० युआनमध्येही १३ टक्के व्हॅट धरलेला असतो. तो काढला की ४९,४०० युआन, म्हणजे सहा हजार युरोंच्या आसपास. त्यावर २७ टक्के लावले तर सोळाशे-सतराशे युरो. मोठी मोटर, जास्त उपकरणं, जहाजभाडं, विमा यांचे मोठ्या मनाने आणखी तीन हजार धरा, त्यावरचं शुल्कही धरा. तरी बारा हजारांच्या आत राहता. वरचे सात हजार कुठे गेले? वितरक, वॉरंटी, जाहिरात, गोदाम, आणि नफा.

तेव्हा तुमची शंका रास्त आहे. शुल्क आहे, पण तिप्पट होण्याचं ते कारण नाही.

खडूस काका

पाचवा गियर यांचा हिशोब छान आहे, पण पायाच चुकीचा धरलाय. ५५,८०० हा काही गाडीचा खरा भाव नव्हे. तो भावयुद्धातला भाव आहे. मे २०२५ मध्ये बीवायडीने बावीस मॉडेलांचे दर पाडले तेव्हा तिकडच्या इतर कंपन्यांनीच बोंब मारली. ग्रेट वॉलच्या अध्यक्षांनी तर मोटार उद्योगातही एक एव्हरग्रांड (कर्जात बुडालेली तिकडची बांधकाम कंपनी) तयार झाल्याचं जाहीरपणे म्हटलं. पुढच्या महिन्यात बीवायडीसकट सतरा कंपन्यांना जाहीर करावं लागलं की सुटे भाग पुरवणाऱ्यांचे पैसे साठ दिवसांत देऊ. याचा अर्थ त्याआधी किती दिवस लटकवत होते ते चाकणवाल्यांना सांगायला नको.

पुरवठादाराच्या पैशावर स्वस्त गाडी विकायची आणि जगाने टाळ्या वाजवायच्या. मला नको असली स्वस्ताई.

पाचवा गियर

काका, पैसे लटकवण्याबद्दल आमच्याइतकं कुणाला कळणार! तो मुद्दा बिनशर्त मान्य. पण पाया ७३,८०० धरून बघा, म्हणजे भावयुद्धाच्या आधीचा. व्हॅट वजा करून ते आठ हजार युरो होतात. सर्फचे १९,३०० तरीही दुपटीच्या वरच राहतात.

आणि स्वस्ताईचं सगळं श्रेय उधारीला देणंही बरोबर नाही. बॅटरी स्वतःची, मोटर स्वतःची, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या चिप स्वतःच्या, आता गाड्या वाहून नेणारी जहाजंही स्वतःची. मोटर, गिअर, कंट्रोलर, चार्जर, व्होल्टेज बदलणारे भाग अशा आठ गोष्टी एकाच डब्यात बसवल्यात. डबा एक म्हणजे वायरी कमी, जोडण्या कमी, जोडणीवरची माणसं कमी. अमेरिकेत केअरसॉफ्ट म्हणून एक कंपनी आहे, गाड्या पार खोलून त्यांचा खर्च काढते. तिने सीगल खोलली. मे २०२४ मध्ये तिथल्या वृत्तसंस्थांनी त्यावर लिहिलं. निष्कर्ष असा की गाडी साधी आहे पण भंगार नाही, काम नीट केलंय, आणि अमेरिकी कंपन्यांनी जागं व्हावं. त्याच महिन्यात अमेरिकेने चिनी विजेच्या गाड्यांवरचं शुल्क १०० टक्के करणार असं जाहीर केलं.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितेय. इथे सर्फ जून २०२५ मध्ये आली, १८,६५० पौंडांपासून. युरोपीय संघाचं ते १७ टक्क्यांचं जादा शुल्क ब्रिटनने लावलेलं नाही, इथे फक्त १० टक्के. तरी रुपयांत बघितलं तर एकवीस-बावीस लाखच होतात. म्हणजे शुल्क कमी असूनही भाव जर्मनीच्याच रांगेत. पाचवा गियर यांच्या हिशोबाला हा आणखी एक पुरावा.

माझ्या ऑफिसातल्या एकीने घेतली, मी बसून आणि थोडी चालवूनही पाहिली. बाहेरून जितकी दिसते त्यापेक्षा आतून ऐसपैस वाटते, मागे दोन मोठी माणसं आरामात. पण दोनच. आई-बाबा इकडे आले की आम्ही पाच होतो, त्यामुळे आमच्या घरात तो विषय तिथेच संपला. स्क्रीन आडवा-उभा फिरतो, मुलं त्यावर खूश. वेगमर्यादा ओलांडली की वाजणारी टिकटिक सगळ्यांना डोक्यात जाते, पण युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना वेगाची सूचना देणारी सोय सक्तीची आहे, त्यामुळे इथे येणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांत ती असतेच. गाडीतून वीज बाहेर काढता येते. तिने बागेत त्यावर चक्क इडलीचा कुकर लावला होता.

भावाबद्दल मला वाटतं ते असं. २०२५ मध्ये ती आली तेव्हा इथे शेजारी काय उभं होतं ते बघा. रेनॉ ५ तेवीस हजारांच्या घरात, ह्युंदाई इन्स्टर त्याच्या थोडी वर. खाली लीपमोटर टी०३ सोळा हजारांच्या आत आणि डाचिया स्प्रिंग पंधरा हजारांच्या आत. सर्फला बरोबर मधल्या फळीवर ठेवलंय. दुकानदार मालाला किंमत लावताना स्वतःची खरेदी कमी आणि शेजारच्या दुकानाची पाटी जास्त बघतो.

नाक्यावरचा

डाचिया स्प्रिंग म्हणजे ती क्विडसारखी दिसणारी?

चेन्नईकर पाटील

सारखी दिसणारी नाही हो, क्विडच ती! हा विषय निघाला म्हणजे माझा जीव तुटतो.

क्विड चेन्नईत घडली. रेनॉ-निसानचं तांत्रिक केंद्र इथलंच, कारखाना ओरगडमचा. २०१५ मध्ये भारतात आली आणि चांगली खपली. मग रेनॉने तीच गाडी चीनमध्ये नेली, डाँगफेंगबरोबर भागीदारीत तिच्यात बॅटरी बसवली आणि २०१९ मध्ये सिटी के-झेडई म्हणून विकायला काढली. हूपेइ प्रांतात बनलेली ही गाडी २०२१ पासून डाचिया स्प्रिंग नावाने युरोपात जाऊ लागली, पुढे ब्राझीलमध्ये क्विड ई-टेक नावाने. फेब्रुवारी २०२० च्या ऑटो एक्स्पोत के-झेडई दिल्लीकरांना दाखवलीसुद्धा. मिळाली मात्र कधीच नाही.

म्हणजे इथे आखलेली गाडी, चीनमध्ये विजेवर चढलेली, पॅरिसच्या गल्ल्यांत फिरते, आणि जिथे जन्मली तिथे फक्त पेट्रोलवर. सीगल भारतात का नाही यावर रडण्याआधी ही गाडी का नाही याचा जाब कुणीतरी विचारायला हवा होता.

एक मात्र सांगतो. स्प्रिंगला २०२१ च्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळाला. सर्फला २०२५ मध्ये पाच मिळाले. मधल्या तीन-चार हजार पौंडांतला काही भाग तिथे आहे.

सांख्यिक

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. चीनमधली ३८.८८ युनिटची सीगल ४०५ किमी जाते असं छापलेलं असतं. युरोपातली ४३.२ युनिटची सर्फ जास्तीत जास्त ३२२ किमी. बॅटरी मोठी, पल्ला कमी! गाडी बिघडलेली नाही, मोजपट्टी बदललीय. चिनी सीएलटीसी चाचणीचा सरासरी वेग ताशी २९ किमीच्या आसपास, युरोपच्या डब्ल्यूएलटीपीचा साधारण ४६. विजेच्या गाडीला वेग वाढला की हवेचा विरोध खातो. त्यात युरोपातली गाडी जडही आहे. एका युनिटमागे चीनच्या कागदावर साडेदहा किमी, युरोपच्या कागदावर साडेसात. आपल्याकडच्या चाचणीचे आकडेही चीनसारखेच उदार असतात, हे टियागोवाल्यांना अनुभवाने ठाऊक असेल.

तेव्हा दोन देशांतल्या भावांची तुलना करताना "एका किलोमीटर पल्ल्यामागे किती रुपये" असले तक्ते कुणी फिरवत असेल तर ते सरळ दुर्लक्षित करावेत.

दक्षिणायन

ब्राझीलहून. गेली काही वर्षं कामानिमित्त इथे आहे. या गाडीचं सगळ्यात मोठं परदेशी यश बहुधा इथलंच, म्हणून जरा लांबण लावतो.

डॉल्फिन मिनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली १,१५,८०० रिआलला, म्हणजे एकोणीस लाखांच्या आसपास. ऐकून महाग वाटेल, पण इथे पेट्रोलच्या छोट्या गाड्याही स्वस्त नाहीत. त्या वर्षी ती देशातली सर्वाधिक खपाची विजेची गाडी ठरली. आधी चारच माणसांची होती, नंतर पाच माणसांचीही आणली, कारण इथली कुटुंबं मोठी आणि अ‍ॅपवर टॅक्सी चालवणाऱ्यांना पाचवी जागा लागतेच. लेस्टरकर ताई, तुमची अडचण इथे सुटली असती.

शुल्काची गंमत इथे वेगळी आहे. ब्राझीलने विजेच्या गाड्यांवर आयात शुल्क बरीच वर्षं घेतलंच नव्हतं. जानेवारी २०२४ पासून पायरी-पायरीने सुरू केलं: आधी १० टक्के, त्याच जुलैत १८, जुलै २०२५ मध्ये २५, आणि जुलै २०२६ ला ३५. उद्देश सरळ होता, येऊन इथे बनवा. त्यामुळे कंपनीने दोन गोष्टी केल्या. पुढची पायरी लागण्याआधी जहाजं भरभरून गाड्या आणून बंदरात उतरवल्या. मे २०२५ मध्ये तिचं स्वतःचं शेन्झेन नावाचं अजस्र जहाज, क्षमता ९,२०० गाड्यांची, इताजाई बंदराला लागलं होतं. आणि दुसरं, बाहिया राज्यात कमासारीला फोर्डने २०२१ मध्ये बंद केलेला कारखाना घेतला. जुलै २०२५ च्या पहिल्या तारखेला तिथे जोडलेली पहिली गाडी बाहेर पडली, ती हीच, डॉल्फिन मिनी.

पण याच कारखान्याच्या बांधकामावर डिसेंबर २०२४ मध्ये कामगार निरीक्षकांनी धाड घातली तेव्हा १६३ चिनी मजूर गुलामीसारख्या अवस्थेत सापडले. कंत्राटदार वेगळा होता, बीवायडीने त्याच्याशी करार मोडला, पण सरकारी वकिलांनी पुढे कंपनीलाही खटल्यात ओढलं. खडूस काका पुरवठादारांचं म्हणाले, त्याच्या पुढचं हे. स्वस्त गाडीच्या हिशोबात हा रकानाही धरायला हवा.

आणि पाटील, तुमची क्विड ई-टेक! बीवायडी इथे आल्यावर रेनॉला तिचा भाव खाली आणावा लागला. मला विचाराल तर सामान्य ब्राझिली माणसाला सीगलचा फायदा तिथेच जास्त झाला.

घाटरस्ता

दक्षिणायन, फार मोलाचा प्रतिसाद. धाग्याचं सार्थक झालं.

आता मला चित्र असं दिसतंय: चीनमध्ये भाव ठरतो तो शेजारी पन्नास कंपन्या गळा धरायला उभ्या आहेत म्हणून. युरोपात रेनॉ ५ च्या पाटीवरून. ब्राझीलमध्ये पेट्रोलच्या हॅचबॅकवरून. कुणी शुल्क न लावणाऱ्या देशातला भाव सांगेल का? म्हणजे शुल्काचा भाग वेगळा काढता येईल.

यारातीर

मेलबर्न, हजर!

ऑस्ट्रेलियाचा चीनशी मुक्त व्यापार करार आहे, २०१५ पासून अमलात. चिनी गाडीवर आयात शुल्क शून्य. वाचवायला स्थानिक उद्योगही उरलेला नाही. इथल्या आल्टोनाचा टोयोटाचा कारखाना आणि होल्डन दोन्ही ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाले. त्यामुळे घाटरस्ता यांना हवा तसा स्वच्छ नमुना इथे मिळतो.

अ‍ॅटो १ इथे २०२५ च्या शेवटी आली, २३,९९० डॉलरपासून, नोंदणी वगैरे वेगळं. आपले चौदा लाख धरा. ३०.०८ युनिटची बॅटरी, ६५ किलोवॉट मोटर, २२० किमी. वरची २७,९९० ला, ४३.२ युनिट आणि ११५ किलोवॉट. म्हणजे ऐवज सगळा युरोपच्या सर्फचा, फक्त स्टिअरिंग उजव्या बाजूला. आणि भाव युरोपच्या दोन-तृतीयांशाहून कमी. देशातली सगळ्यात स्वस्त विजेची गाडी हीच झाली.

थोडक्यात, शुल्क शून्य केलं तरी चीनच्या दुप्पट. पण युरोपपेक्षा आठ लाखांनी खाली, आणि ते सगळे आठ लाख काही शुल्काचे नाहीत. इथे चिनी कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यात, म्हणून.

तेलपाणी

सगळं वाचलं. मी इचलकरंजीत गॅरेज चालवतो, माझे दोन साधे प्रश्न. एक, या गाडीची बॅटरी कसली आहे? दोन, ती भारतात यायला नक्की अडतंय कुठे?

पाचवा गियर

तेलपाणी भाऊ, बॅटरी लिथियम-लोह-फॉस्फेटची, कंपनी तिला ब्लेड म्हणते. लांब चपट्या पट्ट्यांसारखे सेल शेजारी-शेजारी लावलेले असतात, २०२० मध्ये पहिल्यांदा आणली. निकेलवाल्यांपेक्षा जड, पण तापून पेट घ्यायची भीती बरीच कमी आणि आयुष्य जास्त. गाडी येण्याआधी सोडियमची बॅटरी असेल अशी हवा झाली होती, तसं काही झालं नाही.

दुसरा प्रश्न पाटलांसाठी सोडतो.

चेन्नईकर पाटील

बीवायडी भारतात आहेच की. श्रीपेरुंबुदूरला जोडणीचा कारखाना आहे, अ‍ॅटो ३, सील, सीलायन ७ विकतात. पण या सगळ्या पंचवीस लाखांच्या आसपास किंवा वरच्या.

अडचणी तशा दोन. पहिली, बनून आलेल्या छोट्या गाडीवर ७० टक्के आयात शुल्क. समजा सगळं धरून आठ लाखांना बंदरात आली. त्यावर ७० टक्के म्हणजे १३ लाख ६० हजार, वर ५ टक्के जीएसटी म्हणजे १४ लाख २८ हजार. वितरकाचे, वाहतुकीचे, कंपनीचे धरले की सोळा-सतरा. त्या पैशात आपल्याकडे नेक्सॉन ईव्ही येते, मग टियागोएवढी चार माणसांची गाडी कोण घेणार?

दुसरी, इथेच बनवायची तर गुंतवणूक लागते. एप्रिल २०२० च्या नियमानुसार जमिनीची हद्द लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी हवी. बीवायडी आणि हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग यांनी मिळून सुमारे १०० कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला होता. जुलै २०२३ मध्ये तो नाकारला गेला.

विनोद बघा, त्याच मेघा समूहाची ओलेक्ट्रा बीवायडीच्या तंत्रावरच्या बस बनवते आणि त्या २०१९ पासून पुण्यात पीएमपीच्या रस्त्यावर आहेत. म्हणजे पुणेकर बीवायडीच्या बॅटरीवर रोज कामाला जातो. तिकीट काढून.

इंद्रायणीकाठ

तळेगावचा असल्यामुळे राहवत नाही. बीवायडीच्या आधी ही गोष्ट आमच्या दारात घडलीय.

जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू ठेवला, तोही डिसेंबर २०२० मध्ये थांबला. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉलने हा कारखाना घ्यायचा करार केला. पुढच्याच महिन्यात ऑटो एक्स्पोत त्यांनी ओरा आर१ नावाची छोटी विजेची हॅचबॅक मांडली, जगातली सगळ्यात स्वस्त विजेची गाडी अशी जाहिरात करत. जूनमध्ये राज्य सरकारशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार झाला आणि त्याच आठवड्यात गलवान घडलं. पुढे परवानगी येईना, मुदतवाढी होत राहिल्या, आणि २०२२ च्या मध्यात ग्रेट वॉलने नाद सोडला. कारखाना नंतर ह्युंदाईने घेतला, आता तिथे व्हेन्यू बनते.

राजकारणात मी जात नाही, वीस जवान गेले त्या आठवड्यात दुसरं काय होणार होतं. पण तीन वर्षं आधी सीगलच्या जातीची गाडी तळेगावात बनायची बोलणी झाली होती आणि कारखान्यातले लोक सहीची वाट बघत बसले होते, एवढं या धाग्यात नोंदवून ठेवतो.

खडूस काका

गलवान विसरून कसं चालेल? आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटरींत लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा आमच्या पुण्याच्या बजाजला चेतकचं उत्पादन घटवावं लागलं. ज्याच्या हातात नळ आहे त्याच्याकडून अख्खी गाडी घ्यायची?

घाटरस्ता

काका, मी घ्या म्हणत नाहीये. तुमची भीती खरी आहे, आणि युरोपवालेही तिच्यापायीच बीवायडीला हंगेरीत सेगेडला कारखाना काढायला लावतायत. पण हालोलला बनणारी एमजी कॉमेट ही मुळात चीनच्या वूलिंगची एअर ईव्ही, विंडसरही वूलिंगचीच. त्या आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसतात. आपण चिनी गाडी घेत नाही असं नाही, ब्रिटिश बिल्ल्याची चिनी गाडी घेतो.

धाग्यावरून माझं मत जे झालं ते सांगतो. उद्या परवानग्या मिळाल्या, सीगल इथे बनली, तरी ती साडेसहा लाखांना मिळणार नाही. टियागो ईव्ही आणि पंच ईव्हीच्या पाट्या बघून त्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवतील, लेस्टरकरांनी सांगितलं तशी. फरक पडेल तो टियागोच्या पाटीवर, क्विडचं ब्राझीलमध्ये झालं तसा. त्यासाठी चिनीच कंपनी हवी असं काही नाही. कुणीतरी हवी.

लेस्टरकर

अगदी. आणि घाटरस्ता, सीगलचीही झोप उडवणारी आलीय बरं का. गीलीची शिंगयुआन, ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, अंगाने सीगलपेक्षा थोराड, भाव तिच्याच आसपास. २०२५ मध्ये चीनमध्ये सगळ्यात जास्त खपली ती ही. परदेशात तिचं नाव ईएक्स२.

नाक्यावरचा

म्हणजे हिचीही दोन नावं झालीच. नवीन धागा काढा, मी स्कूटर अजून विकलेली नाही.

दक्षिणायन

ईएक्स२ ब्राझीलमध्येही आली. इथल्या वितरकाकडे डॉल्फिन मिनीच्या भावाची चौकशी करताना तिचं नुसतं नाव काढलं, तर समोरच्याने पहिली सवलत स्वतःहून सांगितली. कागद हाती आले की आकडे टाकतो.